वरून आकडे सांगणारा

१४ ऑक्टोबर १९५९. आज गाद्या उन्हात काढल्या. दसरा झाला, पाऊस गेला असं धरायला आता हरकत नाही. चार महिने दमट हवेत राहून गाद्या इतक्या जड होतात की एकटीला उचलवत नाहीत, आणि त्यांना एक आंबूस वास येतो. मागच्या अंगणात बाजेवर पसरायच्या, दोन्ही अंगांनी तापू द्यायच्या आणि छडीने झोडायच्या. सकाळी छडी बसली की आवाज बोदा येतो, ओल्या मातीवर पाय पडल्यासारखा. दुपार कलली, आतला कापूस सुटला, की तोच आवाज कोरडा आणि मोकळा होतो. आज तसा आवाज आला आणि माझा हात थांबला.

हा आवाज मी दुसरीकडे ऐकला आहे. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, खाडीकडच्या गिरणीच्या क्लबात, स्क्वॉशच्या कोर्टात. पावसाळाभर ते कोर्ट बंद असे, कारण भिंतींना घाम यायचा. खरोखरचा घाम, हात लावला तर तळवा ओला. ओल्या भिंतीवरून चेंडू घसरतो, उसळत नाही. दसऱ्याच्या सुमारास भिंती सुकू लागत, तरी पहिले काही दिवस चेंडू बोदाच वाजे. मग एखाद्या दुपारी तो कोरडा वाजायचा आणि माझा धाकटा भाऊ मधू घरी येऊन सांगायचा, "ताई, मोसम सुरू."

सहा वर्षांपूर्वीचा तो मोसम मी विसरलेली नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही. विसरून काय मिळवायचं होतं? आज तो वर आला याला गाद्या एकट्या कारण नाहीत. सकाळीच क्लबाचा शिपाई येऊन गेला होता.

"मधूभाऊ हल्ली कुठे असतात, बाई?"

"डोंबिवलीला राहतो. कल्याणला मालधक्क्यावर कारकून आहे. का?"

"नवी दोन कोर्टं झाली ना आपल्याकडे. दिवाळीनंतर मोठ्या मॅचा आहेत. दिल्लीचे, कलकत्त्याचे साहेब लोक येणार. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, जुना मार्कर मिळतो का बघ. नव्या पोरांना आकडे धड बोलता येत नाहीत, मधेच गडबडतात."

"संध्याकाळी येणार आहे तो, गाद्या आत घ्यायला. विचारून उद्या सांगते."

विचारायचं काय त्यात, असं मनात होतं. उत्तर मला ठाऊक होतं. शिपायाला दारातून परत पाठवायचं नाही म्हणून उद्यावर टाकलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगते. एक उंच खोली, तिला खिडकी नाही, दार एवढंसं आणि तेही भिंतीत बेमालूम बसवलेलं. खेळणारे दोघं, पण समोरासमोर नव्हेत. दोघंही एकाच भिंतीकडे तोंड करून. लिंबाएवढा काळा रबरी चेंडू एकाने भिंतीवर मारायचा, परत आला की दुसऱ्याने. जमिनीवर एक टप्पा पडलेला चालतो, दुसरा पडला की चेंडू बाद. वर एक सज्जा असतो. तिथे उभं राहून एक माणूस खाली बघतो आणि मोठ्याने आकडे सांगतो. बाद झालेला चेंडू बाद म्हणणं हेही त्याचंच काम. तो काही बोलला नाही तर चेंडू चांगला. त्याला मार्कर म्हणतात. एरवी भिंती पुसणं, रॅकेटी विणणं, नव्या साहेबांना शिकवणं, कुणाचा जोडीदार आला नाही तर त्याच्याशी खेळणं, हे सगळं तोच करतो. फक्त स्पर्धेत उतरत नाही. हे शेवटचं आम्हाला फार उशिरा कळलं.

मधू गिरणीच्या गोदामात कारकून होता. कागदपत्रं घेऊन क्लबात जायचा. तिथला जुना मार्कर उत्तरेकडचा, त्याला सगळे खानसाहेब म्हणत. दुपारी कोर्ट रिकामं असे आणि खानसाहेबाला एकट्याने भिंतीशी खेळायचा कंटाळा. त्याने एकदा मधूच्या हातात रॅकेट दिली. पुढे मधू डबा घेऊन तिकडेच जाऊ लागला. फाळणी झाली तसा खानसाहेब आपल्या भावांकडे सरहद्दीपलीकडे निघून गेला. जाताना कोर्टाची किल्ली मधूकडे दिली. तेव्हाचा इंग्रज मॅनेजर स्वतःच बोटीवर चढायच्या तयारीत. त्याने मधूला मार्करचा निळा कोट दिला, बंद गळ्याचा, पितळी बटणांचा, आणि गोदामाच्या पगाराशिवाय मार्करचा वेगळा पगार लावून दिला.

आमच्या घरी पेढे वाटले. माझे यजमान कचेरीत कामाला. शेजाऱ्यांना पेढा देताना हे म्हणाले, "खेळायचे पैसे देतात म्हणजे पोरात काही गुण असणारच." मलाही ते पटलं. ही चूक आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. आमच्या घरात माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार येतो की नाही यावर त्याचा मान ठरतो. मुलगी द्यायची तर आधी तेच विचारतात. पगार घेतल्याने माणूस खाली उतरतो, असं जग कुठे असेल ही कल्पनाच कुणाला नव्हती. मधूने तो कोट पहिल्या दिवशी देवापुढे ठेवला होता.

पावसाळ्यात क्लबातल्या रॅकेटी आमच्या स्वयंपाकघरात येत. त्यांच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या. दमट हवेत त्या फुगतात आणि मग पटापट तुटतात. क्लबात कोरडी जागा नव्हती, म्हणून मधूने आमच्या चुलीवर आडवी काठी बांधून तिला रॅकेटी टांगल्या. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या आणि त्यांचं सोवळं कडक होतं.

"मधू, ह्या तारा कसल्या रे?"

"रेशमाच्या, काकू."

पहिला पावसाळा रेशमावर निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या बाईंनी खरं काय ते सांगितलं.

"मेल्या, माझ्या चुलीवर मेंढीची आतडी वाळत घातलीस होय?"

"नुसती वाळत घातलीत काकू, शिजवली नाहीत."

सासूबाईंनी गोमूत्र शिंपडलं, आपली शेगडी ओसरीवर नेली आणि मधूशी बोलणं टाकलं. पण एका दुपारी पाऊस आडवा येऊ लागला तेव्हा ओसरीवरूनच त्यांचा आवाज आला, "अगं, ती खिडकी लाव. त्याच्या त्या आतड्यांना ओल लागेल." शेगडी मात्र त्यांनी शेवटपर्यंत आत आणली नाही. माणूस सोवळं सोडत नाही. सोवळ्यात राहून काय करता येईल तेवढं करतो. हे मला त्यांच्यामुळे कळलं आणि पुढे उपयोगी पडलं.

इंग्रज गेल्यावर क्लबाची पाटी रंगवली, नाव तेच ठेवलं. काही वर्षांनी दिवाणसाहेब मॅनेजर म्हणून आले. बडोद्याचे. मराठी शुद्ध, आवाज चांगला, वागणं सभ्य. वाईट माणूस असता तर ही हकीकत लिहायला सोपी गेली असती. १९५३च्या दसऱ्याला त्यांनी क्लबाच्या हिरवळीवर कारकुनांच्या कुटुंबांनाही बोलावलं. साहेब लोक खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. मधूने रॅकेटी ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शस्त्रपूजेला रॅकेटी, हे त्यानेच सुरू केलं होतं आणि साहेबांना ते फार आवडायचं. फोटो काढून घ्यायचे.

दिवाणसाहेबांनी भाषण केलं. "हा खेळ इंग्रजांबरोबर बोटीने गेला नाही. तो इथे राहिला आणि आता तो आपला आहे. हा राष्ट्राचा खेळ व्हायला हवा. गिरणीगिरणीत कोर्ट हवं, कॉलेजाकॉलेजात हवं. गुण काय फक्त बंगल्यात जन्माला येतात? आमच्या मधूकडे बघा." सगळ्यांनी मधूकडे पाहिलं. तो निळ्या कोटात रॅकेटींच्या ओळीशेजारी उभा होता. माझ्या बाजूची बाई म्हणाली, "तुमचा भाऊ अगदी बँडवाल्यासारखा दिसतो हो." मी म्हटलं, "दिसू दे." त्या दिवशी मला काही टोचलं नाही. मी खूष होते.

भाषण नुसतं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात साहेब मधूला म्हणाले, "दिवाळीनंतर मुंबईत देशभरचे खेळाडू येतील. मी नाव देतोय, तुझंही देतो. उतर तू." मधूने घरी येऊन हे सांगितलं ते उभ्यानेच, बूट न काढता. तो फार बोलणारा नव्हे. त्याने आयुष्यात कशाची इच्छा धरलेली मी पाहिली नव्हती. शाळा बेताची, नोकरी हे म्हणाले म्हणून, लग्नाचं विचारलं तर "बघू". ही एक गोष्ट त्याला हवी होती. स्वतःच्या नावाने, कुणातरी अनोळखी माणसाविरुद्ध, खरे आकडे मांडून खेळायचं. तोवर तो खेळला होता ते सगळं साहेबांचा घाम निघावा म्हणून.

ते ऊन मला अजून आठवतं. पावसाळ्यानंतरचं ऊन इथे फार कडक असतं. खाडीकडून चिखलाचा वास येई, मिठागरांचे बांध नव्याने घालायला माणसं उतरलेली असत, नौपाड्याच्या कडेची भातं पिवळी पडलेली. पहाटेच मधू जायचा. भोंगा होण्याआधी दिवाणसाहेबांबरोबर, दुपारी एकटा. घरी आला की त्याच्या अंगाला चुन्याचा आणि रबराचा वास. मी दूध वाढवलं. पांढऱ्या ड्रिलची आखूड चड्डी शिवली. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या.

"अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याला चड्डी शिवतेस?"

"राष्ट्राचा खेळ आहे, काकू," मधू म्हणाला.

"राष्ट्राला धोतर चालत नाही वाटतं?"

रविवारी क्लबात सभासदांची गर्दी, मधूला कोर्ट मिळत नसे. कुणीतरी सांगितलं की कल्याणपलीकडच्या जुन्या लष्करी छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांचं एक कोर्ट आहे. मला कल्याणच्या बाजारातून दिवाळीसाठी डाळी घ्यायच्याच होत्या, म्हणून मीही गेले. छावणीत आता सिंधमधून आलेले निर्वासित. बराकींना गोणपाटाचे पडदे. विचारत विचारत कोर्टाशी पोचलो. छोटं दार उघडंच होतं. आत दोन कुटुंबं राहत होती, मधे दोरीवर चादरी टाकलेल्या. समोरच्या भिंतीवर चेंडूच्या हद्दीची लाल रेघ तशीच होती आणि तिच्याखाली पापड वाळत घातले होते. एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिने आम्हाला सरकारी माणसं समजून विचारलं, "बेटा, इस कमरे में खिड़की क्यों नहीं रखी?"

मधू म्हणाला, "माँजी, यहाँ लोग हवा खाने नहीं आते थे।"

"तो क्या करने आते थे?"

मधू त्या भिंतीकडे बघत राहिला. मला कळत होतं की म्हातारी, पापड, चादरी यातलं त्याला काही दिसत नाहीये. चेंडू कुठून कसा येईल तेवढंच तो बघतोय. मला राग आला. बाहेर आल्यावर म्हटलं, "लोकांना राहायला जागा नाही आणि तुला खेळायला पाहिजे."

"त्यांची जागा कोण मागतंय? नुसतं बघितलं, ताई."

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही फराळाचा डबा घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी व्हरांड्यात खुर्च्या दिल्या. मी बसले, मधू उभा राहिला. साहेबांनी एक करंजी खाल्ली, चांगली झाली म्हणाले, आणि मग म्हणाले, "मधू, एक अडचण आलीय. तुझं नाव परत आलं."

मी विचारलं, "का?"

"हा कोर्टावर पगार घेतो ना. ही स्पर्धा हौशी खेळाडूंची आहे."

"तो हौसेनेच खेळतो."

साहेब हसले. "तसं नाही हो. खेळाचे पैसे घेतले की माणूस धंदेवाईक ठरतो. जगभर असाच नियम आहे."

"पगार तर तुम्हीही घेता."

"तो गिरणी चालवायचा. खेळायचा नाही."

"मग नाव कशाला दिलंत?"

त्यांनी बागेकडे पाहिलं. "मला वाटलं, आता आपलंच राज्य आहे. चालून जाईल." मला अजूनही वाटतं की हे ते खरं बोलले. मग मधूकडे वळून म्हणाले, "एवढा मोसम माझ्याबरोबर मार्कर म्हणून चल. नंतर तो कोट काढून ठेव. काही काळ कोर्टावरचा पैसा घेतला नाही तर पुन्हा हौशी धरतात. मी कमिटीशी बोलतो. पुढच्या वर्षी तू खेळशील."

मधू म्हणाला, "हो साहेब."

वाटेने मी विचार करत होते. सासूबाईंच्या सोवळ्यात आतडं चालत नाही, यांच्या सोवळ्यात पैसा चालत नाही. पण पैसा न घेता खेळायचं तर घरात आधीच भरपूर असावा लागतो. म्हणजे गरिबाने गुण दाखवावा, लगेच त्याला पगार द्यावा, आणि पगार घेतला म्हणून बाहेर ठेवावं. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं. बरं, राष्ट्र कुणाचं म्हणायचं, तर पगार घेणाऱ्यांचंच. न घेणारे त्यात असतात किती?

मुंबईला मी मधूबरोबर गेले. साहेबांच्या पत्नीने मला आग्रहाने बोलावलं होतं. मोठा क्लब, सज्ज्यात बायका, पुढे झुकून बघणारे पुरुष. मधू निळ्या कोटात कठड्याशी उभा, शेजारी खुर्चीत एक वयस्क पंच. दिवाणसाहेबांची गाठ एका तरुण लष्करी अधिकाऱ्याशी पडली होती. खेळ मला त्या मोसमात मधूच्या बोलण्यातून बराच कळू लागला होता. शेवटचा डाव बरोबरीत आला. साहेब दमले होते. अधिकाऱ्याने चेंडू समोरच्या भिंतीला अगदी हळू लावला, साहेब धावले, वाकले, आणि चेंडू रॅकेटने उचलला. उचलण्याआधी दुसरा टप्पा पडला होता. मी पाहिला. खालच्या अधिकाऱ्यानेही पाहिला, तो थांबला. त्याने चेंडू मारलाच नाही. त्याने वर पाहिलं.

मधू काही बोलला नाही.

पंचाने मान वळवून विचारलं, "मार्कर?"

"गुड," मधू म्हणाला आणि आकडा सांगितला. त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. दिवाणसाहेबांनीही एकदा वर पाहिलं आणि लगेच कपाळ पुसायला लागले. तो डाव आणि मॅच त्यांनी जिंकली. टाळ्या झाल्या. पुढच्या फेरीत ते हरले, त्यामुळे त्या विजयाचं पुढे काही झालंही नाही.

गाडीने परतताना मुलुंड मागे पडल्यावर मी म्हटलं, "दोन टप्पे होते."

"हो."

"मग?"

"साहेब कमिटीशी बोलणार आहेत ना, ताई." एवढंच. तो खिडकीबाहेर बघत होता. माझ्या भावाने शाळेत कधी पाटीवरचं खोटं दाखवलं नव्हतं.

पुढचा पावसाळा गेला, दसरा आला. रॅकेटींना माळा घातल्या गेल्या. मधूने साहेबांना आठवण केली. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुझ्यासारखा मार्कर आम्ही सोडायचा कसा?" त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. मधूने कोट धुऊन, इस्त्री करून कोर्टाच्या दाराशी टांगला, किल्ली चौकीदाराला दिली आणि गोदामाची नोकरीही सोडली. कल्याणला लागला, डोंबिवलीला खोली घेतली. तिथे तेव्हा रात्रीचे दिवे मोजकेच, विहिरीचं पाणी. त्या खोलीत मी कधी रॅकेट पाहिली नाही.

खेळ मात्र वाढला. वर्तमानपत्रात त्याच्यासाठी वेगळा मथळा येतो. दिवाणसाहेब आता मुंबईला मोठ्या जागेवर आहेत, कमिटीतही आहेत, आणि त्यांचं ते राष्ट्राच्या खेळाचं भाषण मी निदान दोनदा छापलेलं वाचलं. क्लब वाढले, कप वाढले, समित्या वाढल्या. जिथे एक कोर्ट होतं तिथे तीन झाली. वाढ म्हणजे काय हे मी घर चालवणारी बाई जाणते. त्याच माणसांच्या ताटांत जास्त वाढलं तर तीही वाढच दिसते. पंगतीत नवं पान मांडलं का, एवढं विचारायचं राहून जातं. भिंती पुसणारे वाढले असतील, ते मला मान्य आहे.

संध्याकाळी मधू आला. आता चौतिशीचा आहे, कानाजवळ पांढरं दिसतं, पोट थोडं सुटलंय. आम्ही दोघांनी गाद्या आत घेतल्या. चहा झाल्यावर मी शिपायाचा निरोप सांगितला, तोही जरा टोमणा मारून. "बघ, तुझ्यावाचून राष्ट्राचं अडलंय."

तो हसला नाही. "जमीन लाकडी घातली का?"

"मला काय ठाऊक?"

"सज्जा मागच्याच भिंतीवर आहे का बाजूलाही?"

"मधू, मी त्यांना नाही म्हणून कळवणार आहे."

"नको. जातो मी."

मी हातातला पेला खाली ठेवला. "कुठे जातोस? तो कोट घालून परत त्यांचे आकडे सांगायला? लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "त्या दिवसाची वाटते. चेंडू दिसला आणि मी बोललो नाही. तो पोरगा वर बघत होता, ताई. हरला म्हणून नाही. मार्कर बोलेल असं त्याला वाटत होतं." मग म्हणाला, "एकदा वर उभं राहून दिसेल ते बोलून यायचंय. कुणाचाही चेंडू असो."

"त्याने काय होणार?"

"काही नाही. आणि खेळ दिसेल. पाच वर्षांत चेंडूचा आवाज नाही ऐकला."

मला त्याचा फार राग आला. इतकी वर्षं मी त्याच्या वतीने जो ताठा धरून ठेवला होता तो त्याला नकोच होता. त्याला खेळ हवा होता. त्यांनी दिला तेवढा, देतील तिथून. मी त्याला म्हटलं, "ठीक आहे. निरोप मी देते. तू मधे पडू नकोस."

"भांडू नकोस."

"भांडत नाही. जेवून जा."

१५ ऑक्टोबर. आज सकाळी मी केर-वारे आटोपून क्लबात गेले. सेक्रेटरी तरुण आहेत, मला ओळखत नव्हते. मी खुर्ची ओढून बसले आणि मधूची बहीण म्हणून सांगितलं. त्यांना आनंद झाला. कोट नवा शिवून घेऊ म्हणाले, दिवसाचा भत्ता काय द्यायचा ते बोलू लागले.

"कोट नको," मी म्हटलं. "स्वतःच्या कपड्यांत येईल. आणि पगार, भत्ता, बक्षिसी, गाडीभाडं, काहीही घेणार नाही."

"असं कसं बाई? फुकट?"

"हो. पैसे सोडून किती काळ गेला की माणूस पुन्हा हौशी होतो तुमच्यात?"

त्यांनी नियम सांगितला. मधूची पाच वर्षं त्यात सहज बसत होती. मग ते जरा गोंधळून म्हणाले, "पण या वयात ते काही खेळायला उतरणार नाहीत ना?"

"ते त्याचं तो बघेल. मला एवढंच बघायचंय की तुमच्याकडून एक पैसा त्याच्या हातात पडता कामा नये. तुमच्या माणसांना सांगून ठेवा. मी वरचेवर विचारायला येणार आहे."

"मग त्यांना आम्ही काय म्हणायचं? मार्कर तर म्हणता येणार नाही."

"सभासदांना काय म्हणता?"

त्यांनी घंटी मारून माझ्यासाठी चहा मागवला. मी तो तिथेच बसून, सावकाश, सगळा प्याले.